शिडीवरच्या माणसाचा मालक कोण?

मोसमी पाऊस सप्टेंबरच्या उत्तरार्धात वायव्य भारतातून माघार घेऊ लागला, की पुढच्या काही आठवड्यांत आपल्या शहरांच्या भिंतींवर माणसे दिसू लागतात. पावसाळ्यात धरलेले शेवाळ खरवडायचे, भेगांत पुट्टी भरायची आणि वर रंगाचे दोन हात द्यायचे. बंगालमध्ये हे काम दुर्गापूजेच्या आत उरकावे लागते, उत्तरेत दिवाळीच्या आत, तमिळनाडूत पोंगलच्या आधी. कोकणात आणि केरळात कौलारू घरांची धांदल मात्र पावसाच्या तोंडावर असते. कोकणातील माणूस तिला शाकारणी म्हणतो. सण वेगळे, हंगाम वेगळे, पण हे काम करणारा माणूस जवळपास सगळीकडे एकाच वस्तूवर उभा असतो. ती वस्तू म्हणजे भिंतीला टेकवलेली शिडी.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये घराच्या बाहेरील देखभालीसाठी शिडी कशी वापरावी, यावर भरपूर सोपे लेखन उपलब्ध आहे. त्यातील बरेचसे मी वाचले आहे. ते चांगले आहे. पण ते ज्याला उद्देशून लिहिलेले असते तो गृहस्थ आपल्याकडे जवळजवळ अस्तित्वातच नाही. तो स्वतः घराचा मालक असतो, सुट्टीच्या दिवशी गॅरेजमधून शिडी काढतो आणि पन्हळीत साचलेली पाने काढायला स्वतःच वर चढतो. पडला तर तोच पडतो आणि विमाही त्याचाच असतो. भारतात शिडीवर चढणारा एक असतो आणि घर दुसऱ्याचे असते. त्यामुळे सुरक्षेचा उपदेश नेमका कोणाला करायचा, हा प्रश्न इथे उपदेशाच्याही आधी येतो. तो केवळ शिष्टाचाराचा नव्हे, तर कायद्याचा प्रश्न आहे.

आधी शिडीविषयी थोडे. तीन मीटरवरून, म्हणजे साधारण एका मजल्याच्या उंचीवरून, पडणारा माणूस पाऊण सेकंदाच्या आसपास जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या जवळ असतो. दुसऱ्या मजल्याच्या पातळीवरून तो ताशी ३९ होतो. हेल्मेट न घालता स्कूटरवरून भिंतीवर आदळण्यासारखाच हा प्रकार, फक्त इथे ब्रेक नसतो. म्हणून शिडीचे नियम प्रतिक्रियेवर भरवसा ठेवत नाहीत. शिडी चढण्यापूर्वीच काय करायचे, तेवढेच ते सांगतात. त्यांतला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम चारास एक हा. शिडी भिंतीला जमिनीपासून बारा फुटांवर टेकत असेल, तर तिचा पाय भिंतीपासून तीन फूट दूर हवा. पाय याहून जवळ घेतला तर शिडी माणसासकट मागे उलटते, आणि फार दूर नेला तर तळ घसरतो. मोजपट्टीचीही गरज नाही. शिडीच्या पायाला बोटे लावून ताठ उभे राहावे, हात खांद्याच्या रेषेत समोर करावेत. तळवे पायरीला सहज टेकले तर कोन बरोबर आहे असे समजावे.

बाकीचे नियम याच तर्काने येतात. गच्चीवर उतरायचे असेल तर शिडीचे टोक कठड्याच्या वर किमान एक मीटर निघालेले हवे, म्हणजे उतरताना धरायला काही तरी राहते. वरचे टोक दोरीने बांधलेले हवे. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार सतत हवेत. याचा अर्थ रंगाचा डबा हातात घेऊन चढणे वर्ज्य, तो आकड्याला अडकवायचा किंवा दोरीने वर ओढून घ्यायचा. आणि कमरेचा मध्य शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर जाऊ द्यायचा नाही. हा शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो, कारण शिडी उतरून दोन फूट सरकवायची आणि पुन्हा चढायचे यापेक्षा अंग झुकवून ब्रश पोचवणे सोपे वाटते. मजुरी चौरस फुटांवर ठरली असेल तर ते सोपेच नव्हे, फायद्याचेही असते.

खाली शिडी धरून उभ्या असलेल्या पोऱ्यावर आपल्याकडे फार विश्वास टाकला जातो. त्याने तळ घसरण्याला थोडा अटकाव होतो हे खरे. पण वरचे टोक बाजूला सरकू लागले, की खालच्या माणसाच्या हातात काहीच राहत नाही. बांधलेली शिडी धरलेल्या शिडीपेक्षा केव्हाही बरी.

आणखी एक नियम मला नेहमी विचित्र वाटत आला आहे. लाकडी शिडीला रंग देऊ नये, कारण रंगाखाली भेग झाकली जाते, असे जगभरचे सुरक्षा नियम सांगतात. रंगाऱ्याची शिडी मात्र वर्षानुवर्षांच्या शिंतोड्यांनी इतकी लिंपलेली असते, की तिचा बांबू हिरवा होता की पिकला होता, हेही कळू नये. तिच्या पायऱ्या बांधणारा काथ्या पावसाळाभर उघड्यावर भिजलेला असतो. भारतीय मानक ब्यूरोने शिड्यांच्या सुरक्षित वापराची संहिता फार पूर्वी केली आहे. आयएस ३६९६ या मानकाचा दुसरा भाग केवळ शिड्यांविषयी आहे आणि त्याची सध्याची आवृत्ती १९९१ ची आहे. कारागीर बांबू फोडून अंगणात जी शिडी बांधतो, तिच्यापर्यंत हे मानक पोचावे अशी यंत्रणा मात्र कोणी उभारली नाही.

आता हे नियम घेऊन आपल्या एखाद्या गल्लीत जाऊ. दिल्लीच्या अनधिकृत वसाहतींत, लखनौ-कानपूरच्या जुन्या मोहल्ल्यांत, हैदराबादच्या जुन्या शहरात चार-पाच फुटी गल्ली ही नवलाची गोष्ट नाही. भिंतीला लागून उघडे गटार, त्यावर कुठे फरशी आहे, कुठे नाही. पलीकडच्या भिंतीला टेकून स्कूटर. दुसऱ्या मजल्याची खिडकी रंगवायची तर शिडी वीस फुटांवर टेकवावी लागते, आणि चारास एक या हिशेबाने तिचा पाय पाच फूट बाहेर हवा. गल्लीच चार फुटांची असेल तर ते पाच फूट आणायचे कुठून? मग शिडी जवळजवळ उभी लावली जाते, एक पाय फरशीवर आणि दुसरा गटाराच्या काठावर विटेचा तुकडा सरकवून. हे पाहणारा सुशिक्षित माणूस हमखास रंगाऱ्याच्या बेफिकिरीवर बोलतो. मला त्यात बेफिकिरीपेक्षा भूमितीच अधिक दिसते. शिडीचा कोन चढणारा ठरवत नाही. इमारतीभोवती किती जागा सोडायची याचे जे नियम महापालिकेने केले आणि पुढे मोडू दिले, ते तो कोन ठरवतात.

तारांचेही तसेच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार ११ केव्हीपर्यंतच्या वाहिनीपासून इमारतीचे आडवे अंतर किमान १.२ मीटर असले पाहिजे. वाहिनी टाकली तेव्हा ते बहुधा असतेही. मग घराला वरचा मजला चढतो, सज्जा दोन-तीन फूट पुढे येतो आणि अंतर हाताच्या लांबीवर येते. अशा सज्जाखाली कोणी अॅल्युमिनियमची शिडी उभी करतो, किंवा ब्रशला लोखंडी नळी जोडतो. ११ केव्हीच्या उघड्या तारेला स्पर्शच व्हावा लागतो असेही नाही, पुरेसे जवळ जाणेही घातक असते. विजेच्या जवळ धातूची शिडी नको, फायबरग्लासची किंवा कोरड्या लाकडाची हवी, हे सांगायला सोपे आहे. पण बांबूकडून अॅल्युमिनियमकडे होणारे स्थित्यंतर आपण प्रगती म्हणून साजरे करतो, आणि गल्लीच्या बाबतीत ती प्रगती आहेच असे नाही.

राहिला पट्टा. संपूर्ण शरीराला बांधायच्या सुरक्षा पट्ट्यासाठी आयएस ३५२१ हे मानक आहे, बाजारात तो सहज मिळतो आणि त्याची किंमत चांगल्या रंगाच्या एका बादलीहून कमी असते. लखनौच्या एका मजूर अड्ड्यावर (मुंबईत ज्याला नाका म्हणतात, त्याचा हा उत्तरेकडचा भाऊ) मी एका प्रौढ रंगाऱ्याला विचारले, पट्टा का वापरत नाही? त्याने माझ्याकडे जरा सहानुभूतीने पाहिले. ‘साहेब, तो बांधू कशाला?’ तो म्हणाला. ‘कशासाठी’ या अर्थाने नव्हे, तर ‘कोणत्या वस्तूला’ या अर्थाने. घराच्या कठड्यावर माणसाचे वजन झेलणारी एकही कडी नसते. विटांच्या कठड्याला, पाण्याच्या टाकीच्या नळाला किंवा डिश अँटेनाच्या खांबाला दोरी बांधली, तर पडणाऱ्या माणसाबरोबर तीही खाली येते. त्याचे ते एक वाक्य सुरक्षेवरच्या कित्येक परिसंवादांपेक्षा मला अधिक नेमके वाटले.

कायदा या माणसाला कुठे गाठतो ते पाहू. १९९६ चा इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा चांगल्या हेतूने झाला. त्याखालच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत शिड्यांना स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. पण हा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होता. शिवाय आस्थापनेच्या व्याख्येतून, स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाख रुपयांपर्यंतचे काम करून घेणारी व्यक्ती स्पष्टपणे वगळलेली होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रम संहिता लागू झाल्या. दहा कामगारांची अट कायम राहिली, आणि राहत्या घरासाठीची मर्यादा सामाजिक सुरक्षा संहितेत पन्नास लाखांवर गेली. घराला बाहेरून रंग देण्याचा खर्च या दोन्ही आकड्यांच्या आसपासही जात नाही. तीन माणसे, दोन शिड्या, पाच दिवस, असे ते काम. कायद्याच्या भाषेत तिथे बांधकामच चाललेले नसते.

गंमत अशी, की याहून जुना एक कायदा या बाबतीत अधिक सजग होता. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, एका मजल्याहून उंच किंवा जमिनीपासून छताच्या टोकापर्यंत बारा फूट वा अधिक उंचीच्या इमारतीची दुरुस्ती व देखभाल करणारा माणूस समाविष्ट होता. वसाहतकालीन मसुदाकारांनी कामगारांची संख्या किंवा खर्च यांपेक्षा उंची मोजली, कारण इजा उंचीमुळे होते. तरीही त्या काळी नैमित्तिक कामावर, मालकाच्या धंद्याबाहेरच्या कामासाठी ठेवलेला मजूर वगळलेला होता. २००० च्या दुरुस्तीने तो अपवाद काढून टाकला. म्हणजे ज्या घरमालकाने रंगाऱ्याला थेट कामावर बोलावले, त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येऊ शकते असा दरवाजा तत्त्वतः उघडला. ही भरपाईची व्यवस्था आता सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणात आली आहे.

पण घरमालक रंगाऱ्याला थेट बोलावतो कुठे? तो ठेकेदाराला बोलावतो. आणि काम ठेकेदारामार्फत करवून घेतले, तर मूळ मालकावर जबाबदारी तेव्हाच येते, जेव्हा ते काम त्याच्या स्वतःच्या व्यवसायाचा भाग असते. शाळामास्तराचा व्यवसाय घर रंगवण्याचा नसतो, त्यामुळे तो सुटतो. उरतो ठेकेदार. हा ठेकेदार म्हणजे बहुतेकदा मालदा, पूर्णिया किंवा गोंडा जिल्ह्यातून दहा-पंधरा वर्षांपूर्वी आलेला रंगारीच असतो, आणि अपघाताच्या वेळी तो शेजारच्या शिडीवर उभा असतो. त्याच्याविरुद्ध भरपाईचा हुकूम मिळवता येतो, वसूल करता येत नाही.

या माणसांच्या कल्याणासाठी पैसे नाहीत असेही नाही. बांधकामावरील एक टक्का उपकरातून राज्यांच्या कल्याण मंडळांकडे ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम गोळा झाली आणि त्यातील सुमारे ९,५०० कोटीच वापरले गेले, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ च्या निकालात नोंदवले होते. रंगारी या मंडळाकडे नोंदणी करू शकतो, फक्त गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केलेले असावे लागते. एका घरी तीन दिवस काम असेल तर ही तीस घरे झाली. तीस घरमालकांची नावे आणि सह्या जमवणाऱ्या रंगाऱ्याला रंग द्यायला वेळ कधी मिळणार, हा प्रश्न नियम करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

आपण जे मोजत नाही, ते धोरणात दिसत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालात उंचीवरून पडण्याचा वेगळा रकाना आहे, पण झाड, गच्ची, परांची आणि शिडी त्यात एकत्रच मोजली जातात. शिवाय तो फक्त मृतांची मोजणी करतो. अमेरिकेत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग सुमारे शंभर रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतून नोंदी घेतो आणि कोणत्या वस्तूमुळे इजा झाली तेही लिहून ठेवतो. त्यामुळे शिडीवरून पडून किती लोक रुग्णालयात आले, याचा अंदाज तिथे दरवर्षी बांधता येतो. आपल्याकडे मरणाऱ्यापेक्षा जगणाऱ्याची कथा अधिक कठीण आहे. मणक्याच्या इजांवरील भारतीय अभ्यासांत उंचीवरून पडणे हे कारण पुन्हा पुन्हा वरच्या क्रमांकावर येते. दिल्लीत वसंत कुंजमधील इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटर मेजर हरिपालसिंग अहलुवालिया यांनी उभे केले. १९६५ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या शिखरावर पोचलेल्या या अधिकाऱ्याला त्याच वर्षीच्या युद्धात मणक्यात गोळी लागली आणि उरलेले आयुष्य चाकाच्या खुर्चीत गेले. भारतातील सर्वांत उंच चढलेल्या माणसांपैकी एकाने उभारलेल्या अशा संस्थांची दारे पंधरा फुटांवरून पडलेल्यांना उघडी असतात. पण गावाकडे परतलेल्या, कमरेखाली लुळ्या झालेल्या तिशीतल्या रंगाऱ्याला शय्याव्रण टाळण्यासाठी दर दोन तासांनी कूस बदलून देणारे कोणी तरी हवे असते. ते काम त्याची बायको करते आणि तिची मजुरीही बुडते.

माझे काही मित्र म्हणतात, घरमालकालाच नियोक्ता ठरवा. मला ते पटत नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या जोडप्याच्या दारात निरीक्षक उभा राहिला, तर सुरक्षा येणार नाही, हप्ता येईल. आणि काम उलट अधिक लपूनछपून होईल. याउलट अनेक गृहसंस्थांच्या फाटकावर एक यंत्रणा आधीच उभी आहे. तिथे रंगाऱ्याचे आधार कार्ड, छायाचित्र, फोन क्रमांक, येण्या-जाण्याची वेळ सगळे नोंदवले जाते. त्याच्यापासून रहिवाशांना धोका असू शकतो, हे गृहीत धरून ही व्यवस्था केलेली आहे. रहिवाशांच्या भिंतीपासून त्याला धोका असू शकतो, हे गृहीतक त्या नोंदवहीत अजून शिरलेले नाही. शिडी पाहिली का, पट्टा आहे का, गच्चीवर बांधायला जागा आहे का, हे तीन रकाने वाढवायला कोणत्याही विधिमंडळाची गरज नाही.

कठड्यातील कड्यांसाठी मात्र आहे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये बांधकामातील सुरक्षेवर आणि इमारतींच्या देखभालीवर वेगवेगळे भाग आहेत. पण ही संहिता राज्यांनी व महापालिकांनी आपल्या नियमांत उतरवल्याशिवाय बंधनकारक होत नाही. नव्या घराचा नकाशा मंजूर करताना गच्चीच्या तुळईत ठरावीक अंतरावर पोलादी कड्या बसवल्याचे दाखवणे सक्तीचे केले, तर घराच्या एकूण खर्चात त्या दिसणारही नाहीत. पर्जन्यजल संधारणाची अट अनेक राज्यांनी अशाच मार्गाने आणली.

आणि विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता २० रुपये आहे. १८ ते ७० वर्षांच्या खातेदाराच्या अपघाती मृत्यूला किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला त्यातून दोन लाख रुपये मिळतात. दोन लाख ही लुळ्या झालेल्या आयुष्याची किंमत नव्हे, पण आज मिळते त्यापेक्षा ती पुष्कळ आहे. अडचण हप्त्याची नसून रंगाऱ्याला शोधण्याची आहे, असे अधिकारी सांगतात. सरकारला तो सापडत नाही हे मी मानायला तयार आहे. पण रंगाच्या कंपन्यांना तो केव्हाच सापडला आहे. पूर्वी त्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन ठेवत, आता झाकणाखाली क्यूआर असतो. रंगारी तो फोनने स्कॅन करतो, त्याच्या नावावर गुण जमा होतात आणि पुढे पैसे येतात. कोणत्या जिल्ह्यात कोणता रंगारी वर्षाला किती बादल्या बाह्य रंग संपवतो, हे कंपन्यांच्या संगणकात नोंदलेले असते. कल्याण मंडळ नव्वद दिवसांच्या कामाचा जो पुरावा मागते, तो तिथे बादल्यांच्या हिशेबात तयार आहे. रंगाऱ्याच्या संमतीने ही नोंद मंडळाकडे जावी आणि त्या आधारे त्याची नोंदणी व्हावी. ठरावीक बादल्यांनंतर हप्त्याचे २० रुपये कंपनीने भरावेत आणि उंचीवरच्या कामासाठी वाढीव विमा उपकराच्या पडून असलेल्या पैशातून द्यावा.

संहितांखालचे नियम राज्यांना आपापले करावयाचे आहेत, आणि नोंदणीसाठी कोणता पुरावा ग्राह्य धरावा हे ठरवायला त्यात वाव आहे. उत्तर प्रदेश आणि बिहार या दोन राज्यांनी जरी हे मान्य केले, तरी दिल्लीपासून सुरतेपर्यंतच्या भिंतींवर उभ्या असलेल्या माणसांपैकी बऱ्याच जणांचे नाव पुढच्या दिवाळीपूर्वी कुठे तरी नोंदलेले असेल.